वन्संचा आवाज

४ मार्च

वन्सं,

हाक वाचूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. टायपिंगच्या क्लासात शेजारच्या मशीनवर बसणारी मैत्रीण एक दिवस माझी नणंद झाली, तेव्हापासून तुला चिडवायला माझ्याकडे हा एकच शब्द आहे. आणि तो वापरायला आता जगात मी एकटीच उरलेय.

फोन तू उचलत नाहीस. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर आयुष्यभर "थांबा, जोडते" म्हणून झालं, आता घरात घंटीसुद्धा नको, असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. ते पत्र किती जुनं आहे हे उठून बघायचा मला कंटाळा आलाय. असो. विषयावर येते.

गेल्या आठवड्यात दारात एक मुलगी आली. पाठीला भलीमोठी पिशवी, बुटांना चिखल. मला वाटलं, पाण्याचा फिल्टर विकायला आलीय. "नको गं बाई" म्हणून मी दार लावतच होते, तर म्हणाली, "'तळघर'मध्ये बेस वाजवणारे इथेच राहतात ना?"

वन्सं, हा शब्द या घरात कुणी उच्चारत नाही. तुमचा बँड होता हे आमच्या मुलालासुद्धा मोठा झाल्यावर तुमच्या ड्रमवाल्या ढोल्याकडून कळलं. मी लावायला घेतलेलं दार तसंच धरून ठेवलं. शेवटी तीच म्हणाली, "आत येऊ का?"

जुन्या टेपा शोधायच्या, दुरुस्त करायच्या आणि त्यांच्या रेकॉर्डी काढायच्या, हे तिचं काम. मी तिला रीळवाली म्हणते. टायरच्या दुकानावरचा तो स्टुडिओ आठवतो ना? मालक वारला. त्याची मुलगी जागा रिकामी करत होती, तर पोटमाळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत रिळंच रिळं. त्यात तुमची. टेपा चिकट झाल्या होत्या म्हणे, लावल्या की नुसत्या किंचाळायच्या. मग त्या मंद उबेत तासन्तास शेकायच्या, म्हणजे काही दिवस धड वाजतात, आणि तेवढ्यात उतरवून घ्यायच्या. हे सगळं ती सांगत होती आणि तुझे दादा तिच्या ओठांकडे बघत होते. तुला ठाऊक नसेल, त्यांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. बँड मोडल्यावर छापखान्यात लागले ना, त्या यंत्रांनी कान खाल्ले. कानातलं मशीन आणलं, ते कपाटात आहे. आम्ही पाटीवर लिहून बोलतो.

त्यांनी विचारलं, "कुठली गाणी सापडली?"

तिने पाटीवर लिहिलं: सगळी. बाईंचीसुद्धा.

हे उठले, मोरीत गेले आणि नळ सोडून बसले.

मुलगी बिचारी घाबरली. मला हळूच विचारते, "त्या बाई कोण हो? असं गाणारं तेव्हा इथे दुसरं कुणीच नव्हतं." मी म्हटलं, माझी नणंद. म्हणते, "आहेत ना?" मी म्हटलं, "पत्राला उत्तर न देण्याइतक्या ठणठणीत आहेत."

आता तुला जे कळत नाहीये तेच मलाही कळत नाहीये. तू जहाजावरच्या बँडची नोकरी धरून गेलीस आणि बंदरावरून फोन केलास, तेव्हा मी ह्यांच्या शेजारीच उभी होते. "तुझी गाणी पुसून टाकलीत. त्याच टेपांवर दुसरं भरलंय." हे वाक्य मी या कानांनी ऐकलंय. तू पलीकडून काहीच बोलली नाहीस तेही ऐकलंय. मग ही गाणी आली कुठून?

मी जाऊन ऐकणार आहे. रेकॉर्ड काढायची तर तुझी सही लागेल, कागद सोबत जोडलाय.

हे बरे आहेत. पायाला थोडी सूज असते. वय झालं.

तुझी वहिनी


१९ मार्च

वन्सं,

ऐकून आले.

ह्यांना म्हटलं चला, तर म्हणाले, "बहिऱ्याला जत्रेला कशाला नेतेस." म्हणून ढोल्याला घेऊन गेले. तुमचा ढोल्या अजून तसाच आहे, फक्त पोट ड्रमएवढं झालंय. ड्रायव्हिंगची शाळा होती ती मुलीच्या ताब्यात दिली आणि आता शेजारच्या सीटवर बसून सगळ्यांना ब्रेक लावायला सांगत फिरतो. वाटेत मलाही सांगितलं. मी चालत होते.

रीळवालीची खोली म्हणजे एक जुनं गॅरेज. भिंतींवर घोंगड्या ठोकलेल्या, टेबलावर ताटाएवढी चाकं असलेलं मशीन. तिने टेप ओवली आणि बटण दाबलं.

तुला खरं सांगू? मी तुमची गाणी तेव्हा कधी धड ऐकलीच नाहीत. मी कायम दाराशी असायची. कुणाचा चहा, कुणाचा डबा, कुणाला सोडायला कोण जाणार. तुमचं वाजवणं भिंतीतून धडधड ऐकू यायचं तेवढंच. आता खुर्चीवर बसून ऐकलं. ह्यांचा बेस आधी पोटात लागतो, मग कानात येतो. ढोल्या त्याच्यामागून असा काही येतो की पाय आपोआप हलतो. माझा हलला. आणि मग तू.

ते संथ गाणं, "जाताना दार लोटून घे". तू पहिली ओळ गायलीस आणि ढोल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मला त्या आवाजात टायपिंगच्या क्लासातली तू दिसलीस, उसन्या चपला घातलेली, बाईंची नक्कल करणारी. इतकी लहान होतीस गं. आणि आवाज मात्र दोन पोरं वाढवलेल्या बाईचा. कुठून आणला होतास?

पण हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. रीळ संपत आल्यावर मुलगी म्हणाली, "थांबा. गाण्यांनंतर बोलणं पण आलंय, मशीन चालूच राहिलं असावं."

तू गेल्यानंतरचं आहे ते. स्टुडिओच्या मालकाचा आवाज येतो: "कोरी टेप संपलीय रे. हिच्यावरच घेऊ या? तशीही बाई गेलीच आहे."

मग तुझे दादा: "हिला हात लावायचा नाही."

"मग नवीन गाणं कुठे घ्यायचं? कपाळावर?"

"नाही घ्यायचं. घरी जा सगळे."

खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि टेप थांबते.

ढोल्या तोंड उघडं टाकून बसला होता. म्हणाला, "म्हणून त्या दिवशी आम्हाला परत पाठवलं होय! मला इतकी वर्षं वाटत होतं की लाइट गेले होते."

घरी आले. हे खिडकीशी बसले होते. मी पाटीवर लिहिलं: पुसली नव्हती.

त्यांनी वाचलं. म्हणाले, "नव्हती."

मी लिहिलं: मग तिला खोटं का सांगितलंत?

"तिला लागावं म्हणून."

त्यात काही आडपडदा नाही, वन्सं. असंच म्हणाले, दुधात पाणी घातलं म्हणावं तसं. मी लिहिलं: आणि नंतर? नंतर का नाही सांगितलंत?

"नंतर लागून झालं होतं. मग काय सांगायचं?"

पुढे जे म्हणाले ते मला लागलं, म्हणून लिहिते. स्टुडिओ बंद होईपर्यंत हे शनिवारी संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. मालक त्यांना तुझी टेप लावून द्यायचा. मला सांगायचे, छापखान्यात ओव्हरटाइम आहे. मी शनिवारी अन्न झाकून ठेवायची. बाहेर बाई असती तर मी भांडले तरी असते. बहिणीशी काय भांडणार?

आता तुला कळलं. पुढचं तुझं तू बघ. सही पाठव.

वहिनी


११ एप्रिल

वन्सं,

पाकीट मिळालं. सही मिळाली. आणि तिच्याखाली ती एक ओळ, "माझं नाव घालू नका." मला एक शब्द नाही. बरं.

ह्यांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "मग रेकॉर्ड निघणार नाही." स्वतःची सही करायला तयार नाहीत.

हे ढोल्याच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. बहिऱ्या माणसावर ओरडून काही उपयोग नाही हे त्याला माहीत आहे, पण ओरडल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली.

"अरे, माझ्या नातवंडांना वाटतं, मी जन्माला आलो तोच स्टिअरिंग धरून! मरायच्या आधी एकदा तरी दाखवू दे त्यांना!"

हे त्याचे ओठ वाचून म्हणाले, "तिच्या नावाशिवाय नाही."

"तीच नको म्हणतेय!"

"तिला काय कळतंय."

"वा रे वा! इतकी वर्षं तिचं नाव घरात कुणाला घेऊ दिलं नाहीस, आणि आता छापल्याशिवाय तुला घास उतरत नाही?"

ह्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं, बहिरेपणाचा तेवढा फायदा असतो. ढोल्या माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही सांगा ना काहीतरी!"

मी काय सांगू? दोघं भावंडं एकाच मुशीतून काढलेली. एकाने तुझा आवाज पुसल्याचं खोटं सांगितलं, दुसरी आता खरोखरच पुसायला निघालीय. आणि मध्ये मी, पाटी पुसत.

रीळवालीचा फोन रोज येतो. गोड मुलगी आहे, घाई करत नाही, पण तिच्या गप्प राहण्यातसुद्धा प्रश्न असतो. तिने तुझं गाणं एका छोट्या डबीत भरून दिलंय, कानाला लावायची साधनंही दिलीत. ते सगळं फडताळात पडून आहे.

आता एक गोष्ट, जी मी पहिल्या पत्रात झाकली. पायाची सूज वयाची नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय म्हणजे पंप, आणि पंप थकलाय. आडवं झालं की पाणी छातीत चढतं, म्हणून हे उशा रचून बसूनच झोपतात. दिवसाचं पाणी मोजून द्यायचं. मीठ बंद. सदऱ्याची बटणं लावताना मध्ये थांबतात आणि मला कळू नये म्हणून खिडकीबाहेर बघतात, जसं काही तिथे कुणी ओळखीचं चाललंय.

कीव येऊन यावंस अशी माझी इच्छा नव्हती, म्हणून लिहिलं नव्हतं. ह्यांना न विचारता लिहितेय. कळलं तर मला रागावतील, आणि रागावले की धाप लागते, तेव्हा कळू देऊ नकोस.

उत्तर दिलंस तर बरं होईल. यावेळी माझ्या नावाने दे.

वहिनी


५ मे

वन्सं,

तू विचारलंस, "मी येऊन काय करू?"

सांगते. मागच्या सोमवारी हे मोरीत पडले. मी उचलायला गेले आणि माझी पाठ धरली. दोघंही तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिलो. शेजारीण कुरिअर द्यायला आली तेव्हा दोघांना उठवलं. चार दिवस हे हॉस्पिटलात होते, आता घरी आहेत. मुलगा येऊन गेला, पण त्याची नोकरी समुद्रापलीकडे, रजा संपली. जाताना रडला. मला त्यालाच धीर द्यावा लागला.

माझं वय तुझ्याएवढंच आहे गं. हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मलासुद्धा राहत नाही.

तू गाण्यासाठी येऊ नकोस. रेकॉर्ड निघो न निघो, माझं काही अडलेलं नाही. माफ करायलाही येऊ नकोस, आणि माफी मागून घ्यायला तर मुळीच नको, मिळणार नाही. त्यांना खुर्चीतून उठवायला ये. एका बाजूने तू धर, एका बाजूने मी.

रागावून लिहीत नाहीये. रागवायला सुद्धा जोर लागतो.

वहिनी


२९ मे

वन्सं,

पत्राचं पाकीट बघून दचकली असशील. आमच्याच घरचा पत्ता, माझं अक्षर, आणि पत्र तुझ्या नावाने. पहिल्यांदाच मी दूर आणि तू घरात, गंमत आहे.

पाठीला विश्रांती म्हणून घेतलेली ही खोली चांगली आहे. खिडकीतून तळं दिसतं. मालकीणबाई कमी बोलतात, हे सर्वांत उत्तम. आल्या आल्या जी झोपले ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. उठले ती ह्यांनी हाक मारल्यासारखी वाटून. पाय जमिनीवर टेकवले, उभीही राहिले, मग आठवलं. पुन्हा आडवी झाले आणि छताकडे बघत थोडी रडले. दुःखाने नाही. का ते माहीत नाही. मग पुन्हा झोप लागली.

पाठ सुधारतेय.

जे तोंडाने सांगायचं राहिलं ते लिहिते. तू आलीस त्या दिवशी तुम्ही दोघांनी एकमेकांना "प्रवास कसा झाला" आणि "पाय कसे आहेत" एवढंच विचारलंत, आणि मग दोन दिवस तू भांडी घासलीस आणि ह्यांनी पेपर वाचला. मला वाटलं, चला, एवढ्यावरच मिटलं. तिसऱ्या दिवशी तू फडताळातून ती डबी काढलीस. तुला वाटलं, मी स्वयंपाकघरात आहे. होते. पण दार उघडं होतं.

तू कानाला लावून बसलीस आणि हे समोर. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून ते तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी तसं बघताना त्यांना कधी पाहिलं नाही, माझ्याकडे सोड, मुलाकडेसुद्धा. तुझा चेहरा दगडासारखा. गाणं संपलं. मी ओट्याला धरून उभी, म्हटलं आता ही रडणार, नाहीतर निघून जाणार.

तू पाटी ओढलीस आणि लिहिलंस: दुसऱ्या कडव्यात बेस पळतोय.

"मी?" हे एवढ्या जोरात ओरडले की मी हातातलं झाकण खाली ठेवलं. "मी पळतोय? पळतोय तो ढोल्या! मी त्याला धरून ठेवतोय!"

तू लिहिलंस: तू.

"तुझा श्वास पुरत नव्हता म्हणून पुढे सरकलो! नाहीतर तू मध्येच तुटली असतीस!"

"माझा श्वास?" हे तू लिहिलं नाहीस, तोंडानेच म्हणालीस, पण त्यांना बरोबर कळलं. मग तू खुर्ची ओढून त्यांच्या गुडघ्यावर ठेका धरून दाखवायला लागलीस, आणि ते तुझा हात बाजूला सारून स्वतःच्या दुसऱ्या गुडघ्यावर आपला ठेका दाखवायला लागले. "बघ, इथे. नाही, इथे. इथे मी तुझी वाट बघतोय." तुम्ही दोघं सत्तरी ओलांडलेली माणसं, वन्सं. मला हसू यायला हवं होतं. पण मी खाली स्टुलावर बसले, कारण "मी तुझी वाट बघतोय" हे ते म्हणाले आणि तू ठेका धरायची थांबलीस.

माफी कुणी मागितली नाही. मी दाराआड बराच वेळ वाट बघितली, मग नाद सोडला.

नंतर तू पाटीवर लिहिलंस: नाव घाला. माहेरचं. आणि तुझ्या आधी.

"गाणारीचं आधीच असतं, मूर्ख," म्हणाले, आणि मला हाक मारून सहीसाठी पेन मागितलं. मी आत्ताच येतेय असं दाखवून आले.

हे मी तुला सांगतेय, कारण तू बसस्टॉपवर मला विचारलंस, "वहिनी, मी उशीर केला का गं?" आणि तेवढ्यात बस आली. केलास. खूप केलास. त्यांनीही केला. पण मी त्या दिवशी ओट्याशी उभी होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काही करावं लागलं नाही. कुणाचा निरोप कुणाला द्यावा लागला नाही. माझ्यासाठी एवढं पुष्कळ आहे.

आता कामाचं. सकाळची पांढरी गोळी जेवणाआधी, लघवीची दुपारच्या आत, नाहीतर झोपमोड. रोज सकाळी वजन बघ, एकदम वाढलं तर डॉक्टरांना कळव, उगाच वाट बघत बसू नकोस. जास्तीचं पाणी मागताना ते फार गोड बोलतात. मला तसं कधीच बोलत नाहीत, त्यामुळे मी फसते. तू फसू नकोस. ढोल्या आला तर त्याला त्यांच्यासमोर बिडी ओढू देऊ नकोस, आणि दुसऱ्या कडव्याचा विषय काढू नकोस. काढलास तर खिडक्या लावून घे.

रीळवालीचा इथे फोन आला होता. रेकॉर्डच्या पाकिटावर चार ओळी लिहायला कुणीतरी हवंय, बँडविषयी, आतल्या माणसाने. मी म्हटलं, घरी दोन माणसं बसलीत, त्यांना विचार. म्हणाली, "त्यांनीच तुमचं नाव सुचवलं. म्हणाले, तिने सगळं दारातून पाहिलंय." मी बघते म्हटलं. लिहीन कदाचित. लिहिलं तर तुम्हा दोघांना आवडणार नाही.

परवा परत यायचं ठरलं होतं. येत नाही. आणखी आठ दिवस इथेच राहतेय, मालकीणबाईंना सांगून झालं. ह्यांना पाटीवर लिहून सांग. रागावतील, धाप लागेल, तर मागे उशी दे आणि शेजारी बस. घाबरून मला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. आता घरात दुसरं माणूस आहे.

तुझी वहिनी